बोर्ड कुठला घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की हॉबी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रश्न पाठवा, तर बहुतेकांनी फिरून फिरून तेच विचारलंय की स्वस्तातला बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम टाकून दिवे, मोटर, सेन्सर चालवायचा छोटा कॉम्प्युटर, कुठला घ्यायचा. सगळी पत्रं छापायला जागा नाही म्हणून सहा निवडली. किमती मी सांगतोय त्या अंदाजे धरा, डॉलर हलला की त्याही हलतात.

प्रश्न: नमस्कार सर, माझा मुलगा आठवीत आहे. त्याला रोबोट वगैरे बनवायचं फार वेड आहे. क्लासवाल्यांनी साडेचार हजाराचा किट घ्यायला सांगितलाय. आमची परिस्थिती बेताची आहे पण मुलाची आवड मारावी असंही वाटत नाही. एवढा खर्च खरंच लागतो का? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, नाही लागत. आणि पहिला महिना तर एक रुपयाही लागत नाही. वोकवी आणि टिंकरकॅड अशा दोन साईट आहेत, दोन्ही फुकटात वापरता येतात, त्यात स्क्रीनवरच बोर्ड, एलईडी, बटण, सेन्सर जोडायचे आणि प्रोग्रॅम लिहून चालवायचा, सगळं खऱ्यासारखं चालतं आणि चुकीचं जोडलं तरी काही जळत नाही. महिनाभर त्याला त्यावर खेळू द्या. सिग्नलचे तीन दिवे लावले, बटण दाबल्यावर बझर वाजवला, एवढं त्याचं त्याने केलं की समजायचं पोराला खरंच गोडी आहे, मग पैसे काढा.

तेव्हा अर्डुइनो उनो घ्या, पण ओरिजिनल नको, क्लोन घ्या. ओरिजिनल दोन हजाराच्या पुढे जातो, क्लोन चारशे ते सहाशेत मिळतो. क्लोन म्हणजे चोरीचा माल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे, तिथल्या एका डिझाईनच्या संस्थेत २००५ साली हा बोर्ड तयार झाला, कारण तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणारे बोर्ड फार महाग पडायचे. त्या लोकांनी सर्किटचा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला, कुणीही बनवा, कुणीही विका म्हणून, फक्त अर्डुइनो हे नाव आणि त्यांची खूण तेवढी वापरायची नाही. म्हणजे तुमच्या मुलासारख्या पोरांना परवडावं म्हणूनच तर ही वस्तू जन्माला आली, तेव्हा क्लोन घेताना मनाला काही लावून घेऊ नका. पुढेमागे जमलं तर एखादा ओरिजिनल जरूर घ्या, त्या पैशावरच प्रोग्रॅम लिहायचं त्यांचं सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट मिळतं.

दुकानात एक गोष्ट मात्र आठवणीने सांगा. उनोचे क्लोन दोन प्रकारचे येतात. एकात मधली चिप लांबट, काळी, दोन्ही बाजूंनी पाय असलेली आणि सॉकेटमध्ये बसवलेली असते, दुसऱ्यात छोटी चौकोनी चिप बोर्डालाच चिकटवलेली असते. लांबट चिपवाला घ्या. थोडा महाग पडेल, पण पोरगं कधीतरी उलटसुलट तार जोडणारच, जोडायलाच पाहिजे, त्याशिवाय शिकणार कसं, आणि तेव्हा बहुतेक वेळा नुसती चिप जाते, ती ओढून काढायची आणि नवी बसवायची. नवी चिप घेताना बूटलोडर (प्रोग्रॅम आत घेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेलीच मागा, नाहीतर कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम जाणार नाही.

याशिवाय एक ब्रेडबोर्ड (नुसतं खोचून पार्ट जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरचा एक जुडगा, दहा-पंधरा एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, दोन-चार बटणं, एक बझर, अंतर मोजायचा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटरला काट मारू नका, दोनशे-अडीचशेत येतो, आणि पोराला जेव्हा कळत नाही की चूक प्रोग्रॅममध्ये आहे की तारेत, तेव्हा तोच सांगतो. सगळं मिळून हजार-बाराशेत बसतं. रोबोटची मोटर, चाकं वगैरे नंतर एकेक करून आणा. किटमध्ये तीस-चाळीस वस्तू येतात, त्यातल्या पाच वापरल्या जातात आणि बाकीच्या डब्यात पडून राहतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. आणखी एक, अटल टिंकरिंग लॅब नावाची योजना आहे, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, ती लॅब असलेल्या शाळेत असले बोर्ड असतात. मुलाच्या शाळेत आहे का विचारा, आणि असेल तर ती कुलूपबंद राहू देऊ नका, पालक म्हणून तुम्ही मागणी केलीत तर फरक पडतो.

प्रश्न: सर, अर्डुइनो नॅनोचा क्लोन घेतला २३० रुपयाला, लॅपटॉपला लावला तर लाईट लागते पण पोर्टच दिसत नाही. दुकानदार म्हणतो माल परत घेणार नाही. फसलो का? (डिप्लोमा, दुसरं वर्ष, लातूर)

उत्तर: बहुतेक नाही फसलास. आधी केबल बदल. गंमत नाही करत, बोर्ड बिघडला म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त दोष केबलचा निघतो, काही केबलींत नुसत्या चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच, त्यामुळे लाईट लागते आणि पोर्ट दिसत नाही, हुबेहूब तुझ्यासारखं. ज्या केबलने फोटो वगैरे कॉपी होतात तीच लाव. त्यानेही नाही झालं तर ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला ती चिप ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. ओरिजिनल बोर्डात यूएसबीसाठी वेगळी चिप असते, क्लोनमध्ये स्वस्तातली सीएच ३४० असते, तिचा ड्रायव्हर एकदा टाकावा लागतो, मग पोर्ट येतं. पोर्ट आलं आणि अपलोड करताना 'नॉट इन सिंक' अशी ओरड सुरू झाली तर अर्डुइनो सॉफ्टवेअरच्या टूल्समध्ये प्रोसेसरच्या जागी एटीमेगा ३२८पी ओल्ड बूटलोडर निवड. बऱ्याच क्लोन नॅनोंत जुनाच बूटलोडर असतो, तो कमी स्पीडने बोलतो, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही, एवढंच. या तिन्ही गोष्टी करून पाहिल्याशिवाय बोर्ड फेकू नकोस.

प्रश्न: दादा, आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, अडीच एकर. ड्रिप आहे. जमिनीतली ओल बघून आपोआप पाणी सुटेल असं काहीतरी करायचंय. नोडएमसीयू (वायफायवाला बोर्ड) आणि ओलीचे सेन्सर आणले होते, पंधरा दिवसात सेन्सर गंजून गेले, एक पाय तर खाऊनच टाकला. आणि मोटर पण त्याच बोर्डवरून चालू-बंद करायचीय. निळा रिले आणलाय. (शेतकरी, वय २६)

उत्तर: भाऊ, तुझं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण या बोर्डांचा खरा उपयोग कुठे असेल तर तुझ्यासारख्याच्या बांधावर आहे. पण आधी तो निळा रिले, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, बाजूला ठेव. त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते घरातल्या दिव्या-पंख्यांसाठी ठीक, पण ५ एचपीची थ्री फेज मोटर चालताना फेजमागे सात-आठ अँपिअर घेते आणि चालू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढते. रिलेचे पॉइंट चिकटले की बोर्ड 'बंद' म्हणतोय आणि मोटर चालूच, असं होतं, आणि ओल्या पायांनी, रात्रीच्या लाईटला, पेटीत हात घालायची वेळ येते. म्हणून मोटरचं काम स्टार्टर आणि ऑटोस्विच करतोय ते त्यालाच करू दे, त्यात काही जोडायचंच असेल तर माहितगार वायरमनकडून स्टार्टरच्या कॉईलपुरतं जोडून घे, स्वतः नको. आपण व्हॉल्व्हवर काम करू. ड्रिपच्या सबमेनला लावायचे सोलेनॉइड (विजेने उघडमीट होणारे) व्हॉल्व्ह मिळतात, त्यात लॅचिंग प्रकारचे घे, त्यांना उघडायला आणि मिटायला फक्त क्षणभर करंट लागतो, नंतर ते आहे त्या स्थितीत राहतात, त्यामुळे बॅटरीवर चालतात आणि जिवाला धोका नाही. फक्त प्रोग्रॅममध्ये एवढं बघ की मोटर चालू असताना सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद होणार नाहीत, नाहीतर पाईपात दाब चढून कुठलातरी जोड उडेल. दुसरा उघडल्यावरच पहिला मिटवायचा.

आता सेन्सर. तू आणलेले ते दोन पायाचे, त्या पायांतून जमिनीत करंट जातो आणि त्या करंटनेच धातू झिजतो, एकाच पायाचा जास्त नाश होतो तो म्हणूनच, करंट सतत एकाच दिशेने जात असतो ना. सेन्सर वाईट निघाला असं नाही, त्याची जातच ती आहे. त्याऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर घे, काळी चपटी पट्टी असते, धातू आत झाकलेला असतो, शंभर रुपयाच्या आसपास मिळतो. तोही जसा येतो तसा मातीत खुपसू नको. पट्टीच्या कडा कापलेल्या असतात, तिथून पाणी आत शिरतं, तर कडांना दोन हात नेलपॉलिश मार किंवा एपॉक्सी लाव, आणि वरच्या बाजूला जिथे छोटे पार्ट आहेत तो भाग हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आवळणाऱ्या) नळीत घालून बंद कर. मग एक रीडिंग हवेत घे, एक ग्लासभर पाण्यात, आणि खरी रीडिंग तुझ्या मातीत: पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी किती आणि हाताला कोरडी लागते तेव्हा किती. मुरमाड रानाचा आकडा काळ्या रानाला लागू होत नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा उचलू नको.

बोर्डही बदलावा लागेल. नोडएमसीयूवर जी ईएसपी ८२६६ चिप आहे तिला ॲनालॉग (कमी-जास्त आकडा वाचणारी) पिन एकच, आणि अडीच एकरात तुला निदान तीन-चार सेन्सर हवेत. म्हणून ईएसपी ३२ घे, चारशे-साडेचारशेला मिळतो. सेन्सर ३२ ते ३९ यातल्याच पिनांना जोड, कारण बाकीच्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना रीडिंग देत नाहीत, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक आठवडे घालवतात. ३४ ते ३९ नुसत्या वाचायच्या आहेत, त्यांवरून व्हॉल्व्ह हलणार नाही.

घरापासून बाग लांब असेल तर वायफाय पोचायचं नाही. तिथे लोरा (कमी करंटात लांबवर संदेश पोचवणारा रेडिओ) मॉड्यूल लाव, एक बागेत, एक घरी, मोकळ्या रानात एक-दोन किलोमीटर सहज जातं. आपल्याकडे कमी ताकदीच्या अशा कामाला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे, तर एसएक्स १२७६ चिपचं मॉड्यूल आण. एसएक्स १२७८ नावाचं दिसायला तसंच असतं पण ते ४३३ वालं, या पट्ट्यात चालत नाही. बागेतल्या आणि घरच्या दोन्ही मॉड्यूलना अँटेना लावल्याशिवाय करंट देऊ नको, मॉड्यूल जातं.

बॅटरीचं गणित पण करून ठेव. ईएसपी ३२ ची चिप गाढ झोपली की नुसते १० मायक्रोअँपिअर घेते असं लिहिलेलं असतं ते चिपचं झालं, आपल्या बोर्डवर पॉवरचा लाल दिवा, रेग्युलेटर, यूएसबीची चिप हे जागेच असतात आणि ते काही मिलिअँपिअर खातात. १० मिलिअँपिअर धरले तर २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० (चार्ज होणारा लिथियम) सेल दहा दिवस जातो. लाल दिवा काढून टाक आणि शेजारी छोटं सोलर पॅनल लाव, मग सेल उतरला का ते सारखं बघायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी राहिलं. तू बहार धरताना बागेला ताण देतोस, म्हणजे मुद्दाम पाणी तोडतोस. सेन्सरला ताण काय कळणार, त्याला माती कोरडी दिसली की तो पाणी सोडणार आणि तुझा अख्खा बहार बिघडणार. म्हणून पेटीवर एक साधा ठसठशीत स्विच ठेव, ताणाच्या दिवसांत सगळं बंद. हे प्रोग्रॅममध्ये नाही, हाताने. आधी चार ओळींवर एक हंगाम चालव, स्वतःच्या डोळ्यांनी ताळा करत रहा, मग बाकीच्या बागेला लाव.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६४. थोडं पायथन शिकलोय, आता हातांनी काहीतरी करावंसं वाटतं. ईएसपी ३२ घ्यावा की रास्पबेरी पाय पिको? आणि सोल्डरिंग या वयात जमेल का? (डोंबिवली)

उत्तर: काका, पायथन येत असेल तर पिको घ्या. जानेवारी २०२१ मध्ये हा ४ डॉलरला आला तेव्हापासून मी शिकणाऱ्यांना हाच देतोय. बोर्डवर एकच बटण आहे, ते दाबून धरून केबल लावायची, बोर्ड पेनड्राईव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथनची (अशा छोट्या बोर्डवर चालणारं पायथन) फाईल ओढून टाकायची, झालं. मग थॉनी नावाचं सॉफ्टवेअर उघडा, त्यात एक ओळ लिहा, एंटर मारा, समोर दिवा लागतो. ते पहिल्यांदा होतं तेव्हा काय वाटतं ते तुम्हीच मला कळवा. आत दोन कोर आहेत, मेमरी २६४ किलोबाईट, उनोमध्ये फक्त २ असते, म्हणजे पायथनसारखी ऐसपैस भाषा मावायला जागा आहे.

वायफाय हवं असेल तर पिको डब्ल्यू मागा, साध्या पिकोत वायफाय नाही. आणि वायफाय जोडताना एक गोष्ट अडते: पिको डब्ल्यू काय किंवा सर्रास मिळणारे ईएसपी ३२ काय, यांना २.४ गिगाहर्ट्झच कळतं, ५ वालं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन २.४ करून घ्या.

सोल्डरिंगला, म्हणजे कथिल वितळवून पार्ट जोडायला, वय आड येत नाही, नजर येते, तेव्हा चांगला दिवा आणि भिंग घ्या. पण सुरुवातीला टाळायचं असेल तर पिनांसकट येणारा मागा, त्याच्या नावापुढे एच असतं. तुम्ही डोंबिवलीत आहात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकदा स्वतः जाऊन या. ऑनलाईनपेक्षा दोन पैसे इकडेतिकडे होतील पण काउंटरवर उभं राहून पार्ट हातात घेऊन बघितल्याने जे कळतं ते फोटोवरून कळत नाही, पुण्याला तापकीर गल्लीत मी असाच शिकलो, एका वयस्क दुकानदारांनी मला रेझिस्टरचे रंग वाचायला शिकवले होते आणि मी त्या दिवशी घेतले होते फक्त सहा रुपयाचे पार्ट.

प्रश्न: सर आम्हाला अजून ८०५१ शिकवतात, बाहेर सगळे ईएसपी ३२ वापरतात, मग हे शिकून फायदा काय? आणि भारतात बनलेला काही बोर्ड आहे का? (डिप्लोमा, जळगाव)

उत्तर: ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) इंटेलने १९८० मध्ये काढला, त्यात रॅम १२८ बाईट, एवढ्यात आज एक मेसेज पण मावणार नाही. पण त्यामुळेच त्यात प्रत्येक बिट कुठे जातो ते डोळ्यांना दिसतं. टायमर, इंटरप्ट, रजिस्टर हे तिथे एकदा समजले की कुठल्याही चिपची डेटाशीट उघडून तुला वाचता येईल, आणि नोकरीत तेच लागतं. नुसतं परीक्षेपुरतं पाठ केलंस तर मात्र फायदा शून्य. एक कर, कॉलेजात ८०५१ वर जो टायमरचा प्रयोग केलास तोच घरी नॅनोवर कर, तयार फंक्शन न वापरता, थेट रजिस्टरमध्ये लिहून. माझ्या मते सव्वादोनशेच्या बोर्डाचा याहून चांगला उपयोग नाही.

भारतातलं म्हणशील तर सीडॅकने वेगा नावाचे प्रोसेसर बनवलेत, रिस्क-फाईव्ह या खुल्या रचनेवर. त्यातली थेजस ३२ ही चिप १०० मेगाहर्ट्झची, मेमरी २५६ किलोबाईट, आणि तिच्यावरचे एरीज नावाचे बोर्ड मिळतात, अर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम करता येतात. सीडॅक म्हणजे परम सुपरकॉम्प्युटरवाली पुण्याची सरकारी संस्था, वेगाचं काम मात्र तिरुवनंतपुरमला झालं. अडचण एवढीच की कुठे अडलास तर नेटवर उत्तर शोधायला अर्डुइनोइतके लोक भेटत नाहीत. म्हणून पहिला बोर्ड म्हणून नको, दुसरा म्हणून नक्की घे, आणि तुला जे उत्तर सापडेल ते लिहून ठेव, मराठीत लिहिलंस तर फारच छान, आपल्याकडे त्याची फार गरज आहे.

प्रश्न: दादा मी सातवीत आहे. उनोला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आणि सर्व्हो मोटर जोडली. थोडा वेळ चालतं मग उनो आपोआप परत परत चालू होतो. बोर्ड खराब आहे का? (चिपळूण)

उत्तर: बोर्ड चांगला आहे रे, बॅटरीत दम नाही. ती चौकोनी बॅटरी स्मोक अलार्म, मल्टिमीटर अशा कमी खाणाऱ्या गोष्टींसाठी असते. सर्व्हो हलायला लागला की तो एकदम खूप करंट ओढतो, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, उनोला वाटतं लाईट गेली, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. उनोला यूएसबीतून पॉवरबँक लाव. सर्व्होला वेगळे चार एए सेल दे, होल्डरसकट, म्हणजे त्याचं खाणं वेगळं आणि उनोचं वेगळं. सर्व्होची लाल तार सेलच्या प्लसला, केशरी तार उनोच्या पिनला आहे तिथेच, आणि तपकिरी तार सेलच्या मायनसला, आणि तिथून आणखी एक तार उनोच्या जीएनडी लिहिलेल्या भोकात. ही शेवटची तार विसरू नकोस, ती नसेल तर सर्व्हो जागच्या जागी नुसता थरथरत राहतो.